गाडी जेवायला थांबली होती

विम्याचा दावा फेटाळला गेला. आता हे वाक्य वाचलंच नाही असं समजा. कारण मंगळवारी सकाळी विमा कंपनीचा पाहणीवाला दारात उभा राहिला, तेव्हा वहिनींना यातलं काही माहीत नव्हतं आणि त्यांनी ठेवणीतले कप काढले होते.

लोकांची हिरवळ कापून देणाऱ्या दोन माणसांच्या धंद्यातलं दुसरं माणूस म्हणजे वहिनी. पहिलं माणूस त्यांचा नवरा. तो यंत्र ढकलायचा. वहिनी कडा कापायच्या आणि कागद सांभाळायच्या. गाडीचा विमा काढताना एजंट म्हणाला होता, "गाडी धंद्यातच वापरायची बरं का, वहिनी. घरच्या कामाला हा विमा लागू नाही."

वहिनी पडल्या नाकासमोर चालणाऱ्या. त्यांनी धंद्याच्या नावाची चुंबकाची पाटी करून घेतली. दाराला चिकटवली की गाडी धंद्याची, काढली की घरची. शिवाय वही: पाटी लावली, पाटी काढली, वेळेसकट. दुपारी डबा उघडण्याआधी पाटी निघायचीच.

"पोट ही घरची बाब आहे," त्या म्हणायच्या.

"लग्नात एवढे नियम नव्हते," नवरा म्हणायचा.

गेल्या गुरुवारी एका बंगल्याच्या उतारावर गाडी लावून दोघं झाडाखाली जेवत होते. हँडब्रेकची तार तुटली. गाडी कुणाला न विचारता निघाली आणि गवत कापायच्या दोन्ही यंत्रांसकट बागेतल्या तळ्यात टपापर्यंत जाऊन बसली. तळ्यात पाणी भरपूर होतं. नवऱ्याच्या तोंडचं मात्र पळालं. झाडाला टेकवलेली पाटी तेवढी कोरडी राहिली.

हॉस्पिटलच्या मैदानाच्या कामावर त्यांचं अर्धं घर चालायचं. तिथली कालची खेप चुकली होती. शुक्रवारपर्यंत भरून काढली नाही की काम दुसऱ्याला.

म्हणून आज नवरा सकाळपासून मागे लागला होता. "ती वही दाखवू नकोस."

"का? आपण काय चोऱ्या केल्यात?"

"त्यात बारा चाळीसची ओळ आहे."

"खरी आहे ना?"

"खरी आहे म्हणूनच म्हणतोय!"

पण पाहणीवाल्याने चहाचा घोट घेऊन नुसतं विचारलं, "काही नोंद वगैरे ठेवता का?" आणि वहिनींनी शाळेतलं प्रगतिपुस्तक दाखवावं तशी वही पुढे केली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्याने पानं उलटली. डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. "वहिनी, वीस वर्षांत असा प्रामाणिकपणा पाहिला नाही." मग त्याचं बोट थांबलं. "गाडी तळ्यात गेली किती वाजता?"

"बारा पंचावन्न."

"आणि बारा चाळीसला पाटी काढली."

"जेवायला."

"म्हणजे गाडी धंद्यात नव्हती."

"मग घरची होती!"

"घरच्या वापराचा विमा काढलाय?"

वहिनींनी वही स्वतःकडे ओढली. मग एकदम म्हणाल्या, "पण साहेब, यंत्रं काही जेवायला बसली नव्हती!"

"यंत्रं कामावरच होती," पाहणीवाला मनापासून हळहळला, "पण सुट्टीवरच्या गाडीत होती." आणि त्याने दुसरं बिस्कीट उचललं.

तो गेला. नवरा ओरडला असता तर वहिनींना बरं वाटलं असतं. त्याने कडा कापायची कात्री पिशवीत टाकली आणि चपला घातल्या.

"अहो, कुठे?"

"हॉस्पिटलला. पायी. शुक्रवारपर्यंत एखादा कोपरा होईल."

"थांबा, मी येते."

"नको. किती वाजता गेलो ते लिहून ठेव."

दार हळूच लागलं. वहिनी वही घेऊन बसल्या. ओळ पेन्सिलीने लिहिलेली होती आणि पेन्सिलीच्या मागच्या टोकाला रबर होतं. त्यांनी ते ओळीवर टेकवलं. बराच वेळ टेकवून ठेवलं. मग पेन्सील उलटी केली, वहीतलंच एक कोरं पान फाडलं आणि लिहिलं:

'प्रति, दावा विभाग. महोदय, गेल्या गुरुवारी दुपारी १२.४० ते १२.५५ या वेळेत आम्ही उभयतांनी जेवण केले, हे खरे आहे व ते नाकारण्याचा आमचा हेतू नाही. तरी सदर जेवण आपल्या अधिकारात पूर्वलक्षी प्रभावाने रद्द करून, आम्ही त्या वेळेत उपाशीपोटी कामावरच होतो असे ग्राह्य धरण्यात यावे, ही नम्र विनंती.'