निळ्या पाठी

कळसच्या जनावरांच्या दवाखान्यात कुंडलिकला चार वर्षं झाली होती. लोक त्याला डॉक्टर म्हणत. खरं तर तो पशुधन पर्यवेक्षक, पण मेंढरं कुठं सर्टिफिकेट बघतात!

शहाण्णवच्या जूनमध्ये त्यानं सोनबा तात्याच्या धनगरवाड्यावरच्या तीनशे मेंढरांना आंत्रविषाराची लस टोचली. टोचलेल्या प्रत्येकीच्या पाठीवर निळा रंग लावला. चौथ्या दिवशी शिपाई दत्तोबा चहा ओतता ओतता म्हणाला, "तुमी इंदापूरला मीटिंगला गेल्तात, तवा डीपी जळाला व्हता. दोन दिस लाईट न्हवती."

कुंडलिकच्या हातातला कप तसाच राहिला. फ्रिजमधली लस उकडून वाया गेली होती. लाईट आली, बाटल्या पुन्हा गार झाल्या, आणि ह्या शहाण्यानं टोचायच्या आधी कुणाला विचारलंसुद्धा नाही!

फोनवर तालुक्याचे साहेब म्हणाले, "बोंबलू नका. आठ दिवसांत नवी लस येईल. दुसरा डोस म्हणून टोचा, विषय संपला."

संपतोय कसला? वळीव पडून गेला होता, माळावर कोवळं गवत उगवलं होतं. ते खाऊन बिनलसीची मेंढी दिवसात आडवी होते. आणि निळ्या पाठींच्या भरवशावर तात्या कळप त्यातच सोडणार होता.

कुंडलिकनं सायकल काढली. वाड्यावर सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "चूक माझी हाय, तात्या. कोवळ्या गवतावर घालू नका."

तात्या म्हणाला, "आमी तुला घरचा समजत व्हतो. आता बारामतीहून डाक्टर आनू आमचा आमी."

कळप वाळल्या चाऱ्यावर राहिला. एकही मेंढी दगावली नाही. मेलंच नाही, तर आभार कोण मानतो? ह्यानं नुसतं पाणी टोचलं, एवढंच गावभर झालं. दवाखान्यात कुणी फिरकेना. एकट्यानं डबा खाताना त्याला ती खोली खायला उठायची.

नवी लस बर्फात घालून, नव्या खुणेसाठी लाल रंगाचा डबा शेजारी ठेवून, तो दोन दिवस दारातल्या लिंबाखाली बसला. तिसऱ्या दुपारी तात्याची बहीण आक्काबाई स्वतःच्या निळ्या पाठीच्या चार मेंढ्या हाकत आली.

"टोच. तू सोताहून सांगाय आला व्हतास. मी इसरले न्हाय."

कुंडलिकला भरून आलं. चौघींना टोचून त्यानं ब्रश डब्यात बुडवला.

"नगं लेकरा," तिनं घाईनं त्याचा हात धरला. "रंग लावू नगंस. वाड्यावर कळलं तर मला बोलत्याल."

त्यानं डब्याला झाकण लावलं. चारी मेंढ्या ओढ्यावर पाण्याला आलेल्या निळ्या पाठींत मिसळल्या, आणि त्यातल्या आज टोचलेल्या कुठल्या, ते त्यालाही ओळखू येईना.