पेटी उघडायच्या आत लाईट गेली

दर गुरुवारी संध्याकाळी टीव्हीवर नवी गोष्ट. त्याच दिवशी सुरू, त्याच दिवशी खलास. पुढच्या गुरुवारी माणसं वेगळी, गाव वेगळं. आख्ख्या हुलसूरला तिचं वेड. आमच्या गल्लीत टीव्ही फक्त मालतीबाईंकडं, आणि हिंदी न कळणाऱ्या बायकांना मराठी-कन्नडात समजावणारी मी, वृंदा, नववी ब.

त्या गुरुवारच्या गोष्टीत सासर सोडून निघालेली एक बाई स्टँडवर चुकून दुसऱ्याचीच पेटी उचलते. खोलीवर येते, कडी काढते, झाकणाला हात लावते, आणि लाईट गेली. आली तेव्हा बातम्या चालू.

मालिका असती तर पुढच्या आठवड्यात कळलं असतं. ह्या गोष्टीला पुढचा आठवडाच नव्हता. तरी सकाळी शाळेत मी छाती काढून सांगितलं, गॅदरिंगला आमचं हेच नाटक.

गुंडेराव सर म्हणाले, "पुढच्या शुक्रवारी शेवटासकट सांग. न्हाईतर ती वेळ दहावीच्या नाचाला."

मग कुठला अभ्यास आणि कुठली झोप. पाणी भरताना पेटी, गणित सोडवताना पेटी. मन्नाएखेळ्ळीचा मामा म्हणाला, आत मढं होतं. कंडक्टर म्हणाला, सोनं. पोस्टमन म्हणाला, रिकामी. तिघंही शपथेवर.

गुरुवारी नवी गोष्ट लागली. तीच नटी, आता शाळेत शिकवणारी.

शेजारच्या नागम्मा अक्का म्हणाल्या, "बघ, मास्तरीन झाली की."

"अक्का, गोष्ट वेगळी. ही बाई वेगळी."

"नाक तेच, डोळे तेच, अन् बाई वेगळी कशी गं? मला शिकवायलीस? पेटीत पुस्तकं होती. वाचली, शिकली."

मालतीबाईंनी चिमटा काढला, "मग मागच्या महिन्यातल्या गोष्टीत मेलेला नट आज तिचा बाप कसा?"

"बरा झाला असंल."

सगळ्या हसल्या. मला मात्र शेवट सापडला होता, बसवेना.

शुक्रवारी सरांना सांगितलं, "पेटीत पुस्तकं. बाई चिडते, एक फेकते. दुसरं उघडते, अन् उभ्याउभ्याच वाचायला लागते. पडदा."

"टीव्हीत असंच होतं?"

"ठाऊक न्हाई, सर. हे नागम्मा अक्कांचं."

"मग मास्तरीन झालेली दाखव की."

"ते वेगळं नाटक, सर."

 सरांनी फळ्यावरच्या गॅदरिंगच्या यादीतून दहावीचा नाच पुसला. ते 'नववी ब' लिहीपर्यंत मी पेटी कुणाकडं मिळंल ते बघायला वर्गाबाहेर पळाले होते.