वारं कुणाच्या वाट्याला

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला चांगलं ठाऊक आहे. जीनोमिक्सच्या, म्हणजे आनुवंशिकतेच्या, तासाला मी घरचा वंशवृक्ष काढून आणायला सांगितला होता. बाई असेल तर गोल, पुरुष असेल तर चौकोन, आणि ज्याला घराण्यातला आजार असेल त्याचा आकार काळा करायचा. शिरोळच्या विद्याश्रीने निम्मं घर काळं करून आणलं आणि आजार म्हणून लिहिलं, ‘वारं’.

“देवी अंगात येणं हा आजार असतो का गं?” मी खेकसले. वर्ग हसला.

“आमच्यात येतंयच की, मॅडम,” ती म्हणाली. “आज्जाला आलं, काकाला आलं, आता आप्पांना हाय. आधी बोटं नाचत्यात, मग सगळं अंग. लोक नारळ घेऊन कौल मागायला येत्यात. झोपलं की वारं उतरतं, उठलं की परत चढतं. शेवटी गिळायचं बंद होतं. मग देवी नेती.”

हसणं थांबलं. साखर कारखान्याच्या मळीचा वास खिडकीतून येत होता. हा हंटिंग्टन, मेंदूचा आजार, घराण्यात उतरणारा. बापाकडून आला तर पुष्कळदा पुढच्या पिढीला लवकर धरतो, हे मीच सोमवारी शिकवलं होतं.

तास संपल्यावर तिला थांबवून घेतलं. तिने स्वतःचा गोलही काळा केला होता. धाकट्या भावाचा, महांतेशचा, चौकोन मात्र कोरा.

“तुला काही होतंय का?”

“न्हाय. पर तुम्हीच सांगितलंसा, निम्म्या पोरांना येतं. आम्ही दोघंच. म्हंजी एकाला येणार, एक सुटणार. मी देवीला सांगून आलोय, मला घे, महांत्याला सोड.” बोलताना ती इतकी निवांत होती की मला तिची भीती वाटली.

“मी असं शिकवलं?” मी चिडून पर्समधला रुपया काढला. “अगं, ही वाटणी नव्हे. प्रत्येक पोरासाठी रुपया नव्याने उडवायचा. छापा पडला की सुटका. ही तू.” छापा. “हा महांतेश.” टेबलावर पुन्हा छापा.

“म्हंजी आम्ही दोघंबी सुटू शकतोय?”

“शकता.” दोघंही सापडू शकता, हे मी गिळलं. तिच्या तोंडावर फुटलेलं हसू मला मोडवेना.

ती खिडकीकडे धावली. खाली गेटपाशी महांतेश मोटरसायकलवर बसून तिची वाट बघत होता.

“ए महांत्या, आलो रं!” तिने हात हलवला. त्यानेही हलवला. तिने हात खाली घेतला. त्याचा हलतच राहिला. मग त्याने तो दुसऱ्या हाताने धरून मांडीखाली दाबला आणि वर बघून हसला. ते दाबणं सवयीचं होतं.

विद्याश्री वळली, टेबलावरचा रुपया उचलला आणि माझ्या हातात ठेवला.

“परत उडवा की, मॅडम.”