मिठाची खिडकी क्रमांक सात

माझे संपूर्ण नाव सोडियम क्लोराइड खिडकी क्रमांक सात. वय अठ्ठावीस वर्षे. आपण पाहिल्यास मला काचेची चकती समजाल. मी काच नाही. मी शुद्ध मिठाचा अखंड स्फटिक आहे, आणि माझे आयुष्य ओलाव्याच्या भयाने एका बरणीत गेले आहे.

नगरच्या एका महाविद्यालयातील प्रयोगशाळेत रासायनिक लेसर आहे. त्याच्या नळीत वायूंचा संयोग होतो आणि त्यातून डोळ्यांस न दिसणारा प्रकाश जन्मतो. तो साध्या काचेतून बाहेर पडत नाही, माझ्यातून पडतो. दूरच्या हवेतून तो सोडावा, समोरच्या आरशावरून परत घ्यावा आणि वाटेत किती नाहीसा झाला ते मोजावे. म्हणजे जवळ न जाताही तेथील हवेत वायू किती, हे कळते.

काम संपले की मी पुन्हा बरणीत. तळाशी ओल शोषणारे निळे खडे, वर घट्ट झाकण. मला खिडकी म्हणतात खरे. परंतु कपाटाच्या आतल्या बाजूखेरीज मी फारसे काही पाहिलेले नाही.

मला घासून नितळ करणारे हात एकच, केडगावच्या मेहताबभाई शेख यांचे. ते निवृत्त होऊन आठ वर्षे झाली, तरी माझ्यासाठी त्यांना बोलावणे जाते. प्रत्येक घासणीत मी झिजते. दहा मिलिमीटर जाड होते, ती साडेपाच उरले. नळीत हवा विरळ असते आणि बाहेरची हवा मला आत दाबते. पाचाच्या खाली गेले तर तो दाब सोसवणार नाही, असे मेहताबभाई म्हणत.

गतवर्षी नवरात्रात प्रयोगशाळेचे शिपाई काकासाहेब त्यांच्याकडे आले. काकासाहेबांचा जावई कल्याण हा श्रीगोंद्याकडील एका डिस्टिलरीत कामास आहे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तो सांडपाण्याच्या बंद टाकीत सफाईसाठी उतरणार होता.

"मुकादम भिमाजी झाकण उघडून वास घेतोय, बास. वास न्हाई म्हंजे गॅस न्हाई म्हने. मेहताबभाई, तुमचं यंत्र तेवढं लावा. पोरगी दोन जिवांची हाय माजी."

"नाकाचा काय भरवसा? तो गॅस आधी नाकच मारतो," मेहताबभाई म्हणाले.

महाविद्यालयाची परवानगी मिळाली. खंडेनवमीस मेहताबभाईंनी मला बाहेर काढून मऊ कापडावर ठेवले आणि ते दुपारच्या नमाजास गेले. त्या दिवशी यंत्रे व हत्यारे पुजण्याचा प्रघात आहे. काकासाहेबांनी पंप पुजला, पाने-पक्कड पुजली आणि मला पाहून ते थबकले.

"सगळ्यांत मोठं काम तुजं, आन् तुलाच इसरू व्हय?"

त्यांनी फुलाने पाणी शिंपडले आणि ओल्या कुंकवाचे बोट माझ्या मध्यावर टेकवले. इतक्या मायेने मला कोणी कधी स्पर्श केला नव्हता. त्या स्पर्शाखाली मी विरघळत होते.

मेहताबभाई परतले आणि दारातच थिजले.

"काकासाहेब, मिठाची आहे ती!"

"मिठाची? आन् इतक्या वर्सांत मला कुनी बोललं न्हाई?"

"बोललो असतो तर भाजीत टाकली असतीत!"

मेहताबभाईंनी मला उजेडात धरले. "आणखी एक मिलिमीटर घासावी लागेल. जावई तुमचा, खिडकी माझी. दोन्ही वाचतील असं दिसत नाही."

मग त्यांनी मला घासण्याच्या मखमलीवर स्पिरिट ओतले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी टाकीपाशी आमचा टेम्पो पोहोचला, तेव्हा कल्याणच्या कमरेला दोरी बांधली जात होती.

"मिठाच्या खड्यानं गॅस मोजताय?" काकासाहेबांकडून माझी हकिकत ऐकून भिमाजी हसले. "मग मिरच्याबी आना, नजर काढू!"

मी नळीवर चढले. प्रकाश माझ्यातून निघाला, टाकीच्या उघड्या तोंडावरून गेला आणि निम्माच परत आला.

"दोरी सोड, कल्याण," मेहताबभाई म्हणाले.

"मशीन बिघडलं आसंल," भिमाजी म्हणाले.

मेहताबभाईंनी आरसा आणि नळी मोकळ्या मैदानाकडे वळविली. आता सारा प्रकाश परत आला. पुन्हा टाकीकडे वळविली, निम्मा. भिमाजींनी स्वतःच पुढे होऊन कल्याणच्या कमरेची गाठ सोडली. त्याच क्षणी माझ्या मध्यातून बारीक आवाज झाला आणि मला या कडेपासून त्या कडेपर्यंत तडा गेला.

आता मी कोणत्याही नळीवर बसू शकत नाही. तरीही मेहताबभाई मला त्याच बरणीत ठेवतात, खडे बदलतात, झाकण आवळतात. त्यांना एवढेच सांगावयाचे आहे: राखण्यासारखे काही उरलेले नाही, ते झाकण काढून टाका. विरघळले तरी चालेल, मला हवा पाहू द्या.

कल्याण त्या टाकीत चौथ्या दिवशी उतरला. पंखे लावून, उसन्या आणलेल्या खिडकीतून दुसऱ्यांदा मोजणी झाल्यावर. तेव्हापासून तेथे वास घेऊन कोणासही आत पाठवीत नाहीत.