‘थोडा वेळ बंद’

मी एक जुनी पाटी आहे, पण मला खिळा लागत नाही की दोरी. ‘वेबसाइट थोडा वेळ बंद आहे’ एवढेच माझ्यावर लिहिले आहे. वेबसाइटच्या फोल्डरमध्ये मला ठेवले की येणाऱ्या प्रत्येकाला फक्त मी दिसते.

मित्रांनो, मी एका चुकीतून जन्मले. आमचे डायलिसिस केंद्र आहे. मूत्रपिंडे थकलेल्यांचे रक्त तिथे यंत्राने शुद्ध करतात. यंत्रे सहा आणि रुग्ण पुष्कळ, म्हणून वेळ वेबसाइटवर नोंदवावी लागते. ती वेबसाइट सांभाळणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. एका दुपारी ताईंनी चालू वेबसाइटवरच नव्या फाईली चढवल्या. अकरा बदलल्या. बारावी वापरात होती, ती जागची हलेना. वेबसाइट अर्धी नवी, अर्धी जुनी झाली. नेमक्या त्याच वेळी एका म्हाताऱ्या शिंप्याच्या मुलीने वडिलांची वेळ नोंदवली आणि वेबसाइटने एकच यंत्र दोघांना देऊन टाकले.

दुसऱ्या दिवशी बापलेक तीन तासांचा प्रवास करून आले. यंत्रावर दुसरेच कोणी होते. शिंपीकाकांचे पाय सुजून चपलेत मावत नव्हते. ते संध्याकाळपर्यंत बाकावर बसून राहिले. यंत्र मोकळे झाले तोवर त्यांना धाप लागली होती. त्यांना मोठ्या रुग्णालयात हलवले. नवव्या दिवशी ते वारले.

मुलगी वडिलांच्या उपचारांचे कागद न्यायला केंद्रात आली, तेव्हा ताईंनी तिला सगळे खरे सांगितले.

“बंद आहे असं दिसलं असतं, तर मी फोन केला असता,” मुलगी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. “चालू आहे असं वाटलं, तिथेच फसलो.”

“हो,” ताई म्हणाल्या. त्याच दिवशी त्यांनी मला लिहिले.

मग क्रम ठरला. आधी मला ठेवायचे. मी आले की वेबसाइट नवे काम घेत नाही, हातातले संपवते आणि धरलेल्या फाईली सोडते. तोवर ताई हात मांडीवर ठेवून गप्प बसत. मग फाईली चढवून बाराच्या बारा मोजत, मला काढत आणि स्वतः एक वेळ नोंदवून, रद्द करून पाहत. नऊ वर्षांत एकही फाईल अडली नाही. एकदा केंद्रातल्या सिस्टर म्हणाल्या, “ताई, तुमची पाटी बरी आहे. निदान खरं बोलते.” माझे कौतुक झाले ते एवढेच. मला त्याचे काही वाटले नाही.

ताई निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी आलेले गृहस्थ म्हणाले, “दहा सेकंदांच्या कामासाठी दुकान कशाला बंद करायचं?” दोनदा निभावले. तिसऱ्या खेपेस फाईल अडली, तेव्हा त्यांनी मला शोधून फोल्डरमध्ये ठेवले. काम नीट झाले. ते जेवायला गेले, आल्यावर दुसऱ्या कामाला लागले आणि मला विसरले.

चारला सिस्टर त्यांच्या खोलीत आल्या. “अकरापासून एकही नोंद नाही. असं कधी होतं का?”

त्यांनी मला पाहिले आणि काढले. त्या पाच तासांत कोण कोण मला वाचून परत गेले, ते मला ठाऊक नाही. विचारायलाही कोणी आले नाही.

मित्रांनो, चालत्या कामात हात घालण्याआधी ते थांबवा, आणि थांबवले आहे हे लोकांना सांगा. ज्याच्या हातात काही आहे, त्याला ते खाली ठेवायला वेळ द्या. आणि काम झाले की मला काढा. मला स्वतःहून उतरता येत नाही.