या दोन गोळ्या एकत्र

"लक्षात ठेवा," सर म्हणाले, आणि त्याने टाइप केलं, लक्षात ठेवा. "परीक्षेत विसरलात तर मार्क जातील, दुकानात विसरलात तर माणूस जाईल." तेही टाइप झालं. "या दोन गोळ्या एकत्र"

निळं.

अख्खा पडदा निळा. वरच्या कोपऱ्यात आडवं पडलेलं एक उदास तोंड, आणि त्याखाली यंत्राचा तो सभ्य मजकूर: अडचण आली आहे, पुन्हा सुरू करत आहोत. कानात मात्र फोनवरून सर बोलतच होते. म्हणजे उत्तर त्याच्या कानात होतं आणि ज्या मुलीला ते हवं होतं ती वर्गात अर्ध्या वाक्यासमोर बसलेली.

फोनवर तिचा मेसेज आला. "दादा, एकत्र काय? द्यायच्या की नाही?"

त्याने एका अंगठ्याने लिहिलं, "नाही! अजिबात नाही!" तोवर सर तिसऱ्याच औषधावर पोचले होते.

त्याचं काम सांगायला सोपं. ती मुलगी औषधांच्या दुकानात काम करण्याचं शिक्षण घेत होती आणि तिला ऐकू येत नव्हतं. ओठ वाचता येत होते. पण सर अर्धा तास फळ्याशीच बोलायचे, आणि पाठीला ओठ नसतात. म्हणून वर्गातला आवाज फोनवरून त्याच्या घरी यायचा, तो जेवणाच्या टेबलाशी बसून शब्द पडेल तसा टाइप करायचा, आणि ते शब्द तिच्यासमोर उमटायचे. बोटं थांबली तर तिचा वर्ग थांबला, इतका साधा व्यवहार.

आता बोटं ठीक होती, लॅपटॉप मान टाकत होता. कधी दिवसभर शहाण्यासारखा वागायचा, कधी एका तासात तीनदा जायचा. ना तापायचा, ना कुरकुरायचा. बरं, जायचा तोही नेमक्या जागी. "तुमच्या लॅपटॉपला महत्त्वाचं काय ते बरोबर कळतं," मुलीने एकदा लिहिलं होतं. "माझ्यापेक्षा हुशार आहे."

मुलीच्या संस्थेच्या समन्वयक मॅडमचा फोन आला. आवाज मऊ, मजकूर कडक. "शुक्रवारचा तास मी तिच्या शेजारी बसून बघणार आहे. पुन्हा गेलं तर सोमवारपासून आपण आपोआप लिहिणारं सॉफ्टवेअर लावू. तुमच्या कष्टांबद्दल शंका नाही हो, पण..."

ते सॉफ्टवेअर आधी एकदा लावून झालं होतं. त्याबद्दल मुलीने लिहिलं, "दादा, ते आठला साठ लिहितं. मी औषधं देणार आहे, बटाटे नाही. प्लीज काहीतरी करा."

त्याने काहीतरी केलं. सगळं केलं. ज्याला विचारावं त्याच्याकडे निदान तयार. एक मित्र म्हणाला व्हायरस. दुसरा म्हणाला पंखा. शेजारचे म्हणाले, वायरिंग जुनं आहे, आमचा मिक्सरही असाच करतो. त्याने पंख्यातली धूळ काढली, विंडोज नव्याने टाकलं, मेमरीची तपासणी केली. तपासणीत लॅपटॉप पहिल्या वर्गात पास. दुसऱ्या दिवशी भर तासात निळा.

"दृष्ट लागली असेल," ताई सुई ओवता ओवता म्हणाली.

"कोणाची? त्याच्या तोंडाकडे बघून कोणाला हेवा वाटेल?"

"त्याच्या नाही रे टकटक्या, तुझ्या."

टकटक्या हे नाव तिनेच ठेवलेलं. लहानपणी तो ताटावर बोटं वाजवत बसायचा म्हणून. ताई त्याच्याहून बरीच मोठी. जन्मभर कपडे शिवले, आता मनगटं गेली म्हणून मशीनवर झाकण, आणि हातशिलाईचे चार टाके तेवढे चालू. त्याचंही मनगट दुखायला लागल्यावर तिने कुठूनसं एक तांब्याचं कडं आणलं, दोन्ही टोकांना वाटाण्याएवढी चुंबकं बसवलेलं. "रक्त फिरतं याने," म्हणाली आणि स्वतः त्याच्या डाव्या हातात चढवलं. रोज विचारायची, "घातलंस ना?" तो फक्त आंघोळीला जाताना काढायचा. तेवढ्यात ती त्याच कड्याने जमिनीवर सांडलेल्या टाचण्या वेचून घ्यायची.

आई गेल्यावर ताईने त्याला वाढवलं असं लोक म्हणतात. ते खरं आहे, पण अपुरं आहे. तिने त्याच्यासाठी

निळं.

पुन्हा सुरू. ते वाक्य राहिलं, येईल पुढे. आधी लॅपटॉप.

लॅपटॉप दोन दिवस दुरुस्तीच्या दुकानात राहिला. दुकान म्हणजे एक काउंटर, त्यामागे उघड्या पोटाची यंत्रं, आणि त्यांच्यामध्ये कपाळावर भिंग चढवलेली एक बाई. त्या दोन दिवसांचे तास त्याने मित्राच्या लॅपटॉपवर निभावले. तो मित्र गुरुवारी परगावी जाणार होता, लॅपटॉपसकट.

"न्या. पेशंट ठणठणीत आहे," दुरुस्तीवाली म्हणाली.

"म्हणजे गेलाच नाही?"

"एकदाही नाही. दाताच्या डॉक्टरच्या दारात दाढ दुखायची थांबते ना, त्यातली गत. पण जुन्या नोंदी काढून बघितल्या मी. दर वेळी एकच रड आहे. लॅपटॉप झोपायला निघतो. बाकीचे भाग गपगुमान डोळे मिटतात, वाय-फायचा एक भाग मिटत नाही. तो हटून बसतो, आणि मग सगळं घरच कोसळतं."

"पण मी झोपवतच नाही त्याला! मी टाइप करत असतो."

"मग दुसरं कोणीतरी झोपवतंय."

"तो हट्टी भाग बदला ना."

"मागवावा लागेल. पुढच्या आठवड्यात येईल."

"माझा शुक्रवार आहे हो."

"मग झोपवणारा शोधा. मध्येच झाकण पाडता का?"

"नाही."

"घरात लहान मूल?"

"मोठी बहीण आहे."

"तिला विचारून बघा." बाईने भिंग डोळ्यावर ओढलं. "मी काय तुमच्या घरी अंगाई ऐकायला येऊ शकत नाही."

घरी येऊन त्याने खरंच विचारलं. "ताई, लॅपटॉपला हात लावतेस का कधी?"

"त्या रडतोंड्याला? मला माझी कामं नाहीत?" मग त्याचा चेहरा बघून तिचा सूर खाली आला. "उद्याच आहे ना ते? बस टेबलाशी. मी होते तुझे सर. जाऊ दे काय जायचंय ते आज माझ्यासमोर."

"तू काय शिकवणार?"

"बाही बसवायला. तुझ्या सरांना येते का?"

ताई समोर बसली. मांडीवर एक फ्रॉक, ओठांत टाचण्या, टेबलावर टाचण्यांची डबी. ती बोलायला लागली, तो टाइप करायला लागला. बाही आधी खांद्याला लावायची, मग दोन्ही बाजूंनी खाली यायचं. कापड ओढायचं नाही. कापडाला असं वाटलं पाहिजे की

ताई ओठांतली टाचणी काढायला थांबली.

निळं.

"गेला?"

"गेला."

"चालू कर."

पुन्हा बाही, पुन्हा खांदा. पुन्हा एका टाचणीपाशी ती थांबली आणि पुन्हा ते आडवं उदास तोंड.

"मी थांबले की जातो हा," ताई म्हणाली.

"काहीतरीच. तुझ्या थांबण्याशी त्याचा काय संबंध?"

"बघच मग." तिने सगळ्या टाचण्या डबीत टाकल्या आणि तोंडाचा पट्टा सोडला. वरच्या मजल्यावरची बाई फरशी पुसते की वाजवते, पाणी किती बारीक येतं, आणि टकटक्याने मागच्या वर्षी घेतलेले बूट तेव्हाच तिला कसे पसंत नव्हते. तो हसत हसत, धापा टाकत टाइप करत होता. लॅपटॉप एका जागी ठाम. मग ती एकदम गप्प झाली.

निळं.

तो म्हणाला, "सर कधी थांबतात माहीत आहे? महत्त्वाचं सांगायच्या आधी. एक श्वास घेतात, वर्गाकडे बघतात, आणि मग सांगतात."

"आणि ते थांबले की तू काय करतोस?"

"काय करणार? वाट बघतो."

"हात काय करतात?" ती पुढे वाकली. "जन्मभर लोकांची मापं घेतली मी. माणूस सांगतो एक आणि त्याचे हात करतात भलतंच. उजवा तसाच अधांतरी ठेवतोस, आणि डावा टेकतोस. इथे, या कोपऱ्यावर. दुखतो ना तो."

त्याने डावा हात टेकवून दाखवला. कडेला पडलेली एक टाचणी सरपटत आली आणि टक् करून कड्याला चिकटली.

दोघांनी तिच्याकडे बघितलं.

त्याला समजलं, आणि समजल्याबरोबर ते बोलू नये असंही वाटलं. झाकणाच्या कडेत एक छोटं चुंबक असतं. ते या कोपऱ्याजवळ आलं की लॅपटॉपला कळतं, आपण मिटलो, आता झोपायचं. त्याच्या हातातलं चुंबकही कोपऱ्याला तेच सांगत होतं. दर वेळी. सर थांबले की.

"बोल की," ताई म्हणाली.

त्याने सांगितलं. वायफळ शब्द घालून, जमेल तितकं मऊ करून सांगितलं. तिने मध्येच त्याचा हात ओढून घेतला, कडं उतरवलं, लॅपटॉप चालू व्हायची वाट बघितली आणि कडं त्या कोपऱ्यावर अलगद ठेवलं.

निळं.

"म्हणजे मीच तुझ्या मुळावर उठले होते."

"असं नको ना बोलूस. हे बघ, सेटिंग बदलता येतं. झाकण मिटलं तरी झोपू नकोस म्हणून सांगतो त्याला. मग कडंही राहील आणि..."

"कशाला राहायला हवं?"

"अगं, हाताला आराम पडतो त्याने."

"खोटारड्या. भांडी विसळताना मनगट चोळत उभा असतोस, दिसत नाही का मला? टाचणीएवढासुद्धा फरक पडलेला नाही. तू आपलं माझं मन राखायला घालून फिरतोस."

त्याने रिकामं मनगट बाहीत ओढून घेतलं.

"मला वाटलं, माझे हात गेले तर गेले," ती कड्याची टाचणी सोडवत म्हणाली, "तुझे तरी वाचावेत."

तर ते राहिलेलं वाक्य असं होतं: तिने त्याच्यासाठी मशीनवर वाकून आपली दोन्ही मनगटं झिजवली, आणि तिला भीती एकच होती, की ज्या हातांसाठी झिजवली तेही तिच्याच वाटेने जातील.

"उद्या डॉक्टरला दाखवू," तो म्हणाला. "दोघांचे."

"बघू. आधी ती कात्री दे."

"ताई, मशीनला हात लावू नकोस हं."

"कोण लावतंय? हातानेच घालते टाके. दुखलं की थांबते." तिने फ्रॉकच्या उरलेल्या कापडाची एक लांबट पिशवी केली, तिच्यात कापूस भरला, आणि कीबोर्डसमोर टेबलावर ठेवून बघितली. "टेक इथे. लॅपटॉपवर नाही, उशीवर. उंच होते का? काढू थोडा कापूस?"

त्याने हात टेकले. उशी किंचित वाकडी होती, एका टोकाला फुगीर. तो म्हणाला, "बरोबर आहे."

"पुन्हा मन राखतोयस?"

"डावीकडे जरा जास्त भरलाय."

"आत्ता कसं बोललास," ताई म्हणाली आणि शिवण उसवायला घेतली.

शुक्रवार. मॅडम वर्गात मुलीशेजारी बसल्या होत्या. सरांनी "आज पाहुणे आहेत" म्हटलं तेव्हा त्याला कळलं. तेही त्याने टाइप केलं. ताई आतल्या खोलीत, आवाज नको म्हणून शिंकसुद्धा दाबून. उजळणीचा तास होता. डोस, वेळा, रिकामं पोट, भरलं पोट. आठ मिलिग्रॅम. आठच. मनगट दुखत होतं, चांगलंच दुखत होतं.

"मागे एकदा सांगितलंय," सर म्हणाले, "तरी पुन्हा सांगतो. या दोन गोळ्या एकत्र"

सर थांबले.

त्याचा डावा हात सवयीने खाली आला आणि कापसात रुतला. पडदा पांढरा होता. सरांना आज पाहुण्यांसमोर वजन आणायचं असावं, श्वास लांबच चालला होता. तिकडे एक मुलगी अर्ध्या वाक्याकडे बघत असणार, आणि ते का अडलं हे तिला कळायला काही मार्ग नव्हता. त्याने हात उचलला आणि चौकटी कंसात लिहिलं:

[सर थांबले आहेत. मी इथेच आहे.]

मग सर बोलले, आणि त्याने लिहिलं: कधीही द्यायच्या नाहीत.