होऊन राह्यलं

आमच्या बोरगाव मेघेच्या जागरूक नागरिक मंचाने आजवर एकही प्रश्न सोडवलेला नाही, पण सत्कार मात्र प्रत्येक प्रश्नावर केला आहे. पाण्यावर चर्चा ठेवली, टँकरवाल्याचा सत्कार. मोकाट कुत्र्यांवर चर्चा ठेवली, जनावरांच्या डॉक्टरांचा सत्कार. कुत्री मंडपाबाहेर बसून सगळं ऐकत होती. भैय्याजी आमचे अध्यक्ष. हार्डवेअरचं दुकान चालवतात आणि स्वतःला गावाचा आवाज म्हणवतात. ते खोटंही नाही, कारण माइक त्यांच्या हातात गेला की दुसरा आवाज उरतच नाही. मी हर्षा, सूत्रसंचालन करते. म्हणजे पाहुणे बदलतात आणि मी 'यानंतर' म्हणत राहते.

या खेपेचा विषय होता सांडपाण्याची नाली. चर्चेच्या आदल्या दिवशी कौशल्याबाई माझ्याकडे आल्या.

"हर्षा, मले दोन मिनटं बोलू देजो वं. नाईतर मी पागल होतो."

पावसाळ्यात त्यांच्या दारासमोर नालीसाठी खोदलं आणि ठेकेदार गेला तो गेलाच. दार आणि रस्ता यांच्यामध्ये कंबरभर खोल खड्डा. कौशल्याबाई एका अरुंद फळीवरून जीव मुठीत धरून ये-जा करतात. पण त्यांचे यजमान हिरालालजी खुब्याच्या ऑपरेशनपासून वॉकर घेऊन चालतात, आणि वॉकर त्या फळीवर मावत नाही. चौकातलं त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान खड्डा पडल्यापासून बंद, आणि हिरालालजी घरात.

"जलमभर घड्याळं उघडली, आता माह्ये डबे उघडून पाह्यतेत," त्या म्हणाल्या. "तिखट इतकं काऊन, जिरं असं काऊन. मी म्हटलं, बोला बापा. पण आता बोलनं बी बंद केलं त्याइनं. भिंतीकडं तोंड करून पडून राह्यतेत. मले त्याचंच भेव वाटते."

मी त्यांना शब्द दिला. मंचावर शब्द देणं सोपं असतं, माइक देणं कठीण.

समाजमंदिरात गर्दी चांगली होती, कारण शेवटी तर्री-पोहे होते. पाहुणे होते नवे इंजिनीअर शेडगे साहेब, साताऱ्याहून नुकतेच बदलून आलेले. माणूस भला, कडक इस्त्रीतला. त्यांनी विचारलं, "नालीचं काम कुठवर आलंय?"

ठेकेदार सिमेंट भैय्याजींच्याच दुकानातून नेतो. त्यामुळे भैय्याजी मोघम म्हणाले, "साहेब, काम मस्त होऊन राह्यलं."

"होऊन राहिलं? वा! छान!"

इथे घात झाला. आमच्याकडे 'होऊन राह्यलं' म्हणजे होत आहे. कधी संपेल ते विचारू नये. साताऱ्याच्या कानाला ते ऐकू आलं, 'झालं, पक्कं झालं, विषय मिटला.' साहेबांनी लगेच भाषणात गावाचं अभिनंदन केलं आणि वेळेत पूर्ण झालेल्या कामाचा आदर्श इतरांनी घ्यावा, असं सांगितलं. भैय्याजींना वाटलं, साहेब किती समजूतदार आहेत.

कौशल्याबाई उठल्या. "साहेब, झालं नाई. होऊन राह्यलं."

"तेच म्हणतोय मी ताई. अभिनंदन!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या मंचावर कुणीही थांबलं की टाळ्या वाजतात.

"अवो, खोदून ठेवलं अन् होऊन राह्यलं!"

"बरोबर. आधी खोदलं, मग होऊन राहिलं."

मी पुढे झाले. "साहेब, राह्यलं म्हणजे..." तेवढ्यात भैय्याजींनी माइक ओढला. "यानंतर सत्कार!" माझा एकुलता एक शब्दही या माणसाने पळवला. साहेबांच्या गळ्यात सुताची माळ पडली, अंगावर शाल, हातात नारळ. कौशल्याबाई खाली बसल्या. त्यांचा चेहरा पाहून माझं डोकं असं फिरलं की तो नारळ घ्यावासा वाटला, आणि कुठे फोडायचा तेही मी ठरवलं होतं.

पण त्या पुन्हा उठल्या. गोड आवाजात म्हणाल्या, "मंग साहेब, चाला ना पाहाले. नालीसंग फोटो काढू."

फोटो म्हटल्यावर नाही म्हणणारा पाहुणा अजून जन्माला यायचा आहे. सगळा मंच पोहे मागे ठेवून निघाला.

गल्लीत पोचलो आणि साहेब खड्ड्याच्या काठावर थबकले. "अहो, हे तर अर्धवट आहे! तुम्ही तर म्हणालात, होऊन राहिलं?"

"हो ना साहेब," भैय्याजी निरागसपणे म्हणाले, "होऊन राह्यलं."

साहेबांनी भैय्याजींकडे पाहिलं, खड्ड्याकडे पाहिलं. पलीकडे दारात आवाज ऐकून हिरालालजी येऊन उभे होते, वॉकरला धरून. साहेबांनी त्यांना हाक मारली. "काका, जरा इकडे या. नक्की काय झालंय ते तुम्हीच सांगा."

"येऊन राह्यलो साहेब," हिरालालजी म्हणाले.

ते जागचे हलले नाहीत. साहेब वाट पाहत राहिले.

"काका, या ना."

"येऊन राह्यलो ना बापा! पावसाळ्यापासून येऊन राह्यलो."

कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांची नजर वॉकरवर गेली, मग खड्ड्यात, मग स्वतःच्या गळ्यातल्या माळेवर. ते कानापर्यंत लाल झाले. माळ काढून त्यांनी भैय्याजींच्या हातात दिली.

"भैय्याजी, स्टेजच्या फळ्या आणा. आत्ता. ठेकेदाराला उद्या मी बघतो."

"साहेब, मंग स्टेजचं?"

"स्टेजवर आहे कोण?"

फळ्या आल्या. साहेब आधी स्वतः त्यांवर उभे राहिले, उड्या मारून पाहिल्या, मग पलीकडे जाऊन हिरालालजींचा दंड धरला. वॉकर टक, पाऊल, वॉकर टक, पाऊल. या काठाला आल्यावर म्हाताऱ्याने नमस्कार नाही, आभार नाही, सरळ चौकाची वाट धरली. दहा पावलांत भैय्याजींवर ओरडलेसुद्धा, "बाजूले होय, हवा येऊ दे!" तो आवाज ऐकून मला रडूच आलं.

कौशल्याबाई एव्हाना फळ्यांवरून पलीकडे गेल्या होत्या आणि उंबऱ्यावर पदराने डोळे पुसत उभ्या होत्या. ते वळणावर पोचेपर्यंत त्या पाहत राहिल्या.

"सावकाश येजा, घाई नाई कोनतीच!" त्या मोठ्याने ओरडल्या, आणि आत जाऊन दाराला कडी लावून घेतली.